रेडवा बोलला होता

आमच्या पाड्यावर कुणाच्याही घरी कागद आला की तो आधी चिंतू घाटाळकडे जायचा. लाइटीचं बिल असो, रेशन दुकानाची नोटीस असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो. चिंतू ओट्यावर बसायचा, चष्मा पुसायचा, कागद हातभर लांब धरायचा आणि घसा खाकरून सुरू करायचा, "सदर कागदानुसार..."

दापोड्याच्या एका गोदामावर वीस वर्षं वॉचमनकी केलेला माणूस. गेटवरच्या वहीत गाड्या लिहिता लिहिता तो शब्द त्याला चिकटला. सदर गाडी, सदर माल, सदर इसम. पोरांनी त्याचं नावच सदरमामा पाडलं. तो रागवायचा नाही. त्याची बायको रूपा सांगायची, हा नुसत्या बनियनवर असला की माझ्याशी हाय-न्हाय बोलतो, आणि शर्टाची वरची गुंडी लावली की ह्याचं आहे-नाही सुरू होतं. खोटं नव्हतं ते.

आपल्या बोलीची ही लाज त्यानं जन्मताना आणली नव्हती. आठव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत टाकला. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी काहीतरी विचारलं, ते त्याला आलं नाही. उभा राहून बोलला, "मना ठाऊक न्हाय." सगळा वर्ग हसला. शेजारच्या पाड्यातली पोरं, जी घरी असंच बोलायची, ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. गुरुजींनी त्याला फळ्यापाशी उभं करून 'मला माहीत नाही' असं दहा वेळा बोलायला लावलं, आणि दहाही वेळा वर्ग हसला. तेव्हापासून चिंतूनं चारचौघांत दोन गोष्टी टाकल्या. एक आपली बोली, आणि दुसरं, ठाऊक नाही असं बोलणं. सातवी पास होऊन बाहेर पडला तो मोत्यासारखं अक्षर घेऊन, आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत. बरीच उत्तरं बरोबर असायची, हेही सांगायला हवं. म्हणूनच तर कागद त्याच्याकडे जायचे.

आता रेडिओचं.

पाडा आमचा वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून खाली, नदीच्या अंगाला. दोन पावसाळ्यांमागं पाणी उंबऱ्याला लागलं. लाइट गेली, लाइटीमागं मोबाइलचा टॉवर गेला, आणि आम्ही सगळे हातात बंद फोन धरून एकमेकांना विचारत बसलो की चढायचं का थांबायचं. त्या वेळी काही गेलं नाही, नुसती भीती राहिली. मग यंदा मे महिन्यात तालुक्याहून एक बाई आल्या. शाळेच्या पडवीत त्यांनी बैठक घेतली. घरात काय काय तयार ठेवायचं ते सांगितलं. टॉर्च, दोरी, प्लास्टिकात बांधलेले कागद, चणे-गूळ, शिट्टी. ठकीनं विचारलं, शिट्टी कोनाला मारायची, ह्या वयात? बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, टॉवर पडतो पण रेडिओ पडत नाही; पाड्यावर सेलवर चालणारा एक रेडिओ हवाच.

ठकीनं ते धरून ठेवलं. ती साठीची, नवरा मेलेला, घर सगळ्यांत खाली. तिच्या बकऱ्यांचा गोठा तर तिच्या घराच्याही खाली, ओहोळ नदीला मिळतो तिथं. चार बकऱ्या आणि एक बोकड. बोकड वाघदेवाच्या नावानं सोडलेला होता, त्याच्या कानाला तिनं लाल चिंधी बांधली होती. बोलली, "फोनमंदला मना दिसत न्हाय, वाचाया येत न्हाय. कानाशी आयकू येल असा कायतरी आना." क्रिकेटच्या मंडळाकडे थोडे पैसे पडून होते. ठरलं की चिंतूनं आणि टेम्पोवाल्या भरतनं भिवंडीला जायचं आणि रेडिओ निवडून आणायचा.

धामणकर नाक्याजवळच्या एका गल्लीत सुगतचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्यानं गटाराच्या फरशीवर थांबायचं, एवढं. पॉवरलूमवरची माणसं पेनड्राइव्ह भरायला, पंख्याची वाइंडिंग करायला येतात. सुगतचा बाप त्याच टेबलावर रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून ह्याला रेडिओतलं कळतं. त्यानं तीन नग काढून ठेवले.

भरतला पाहताक्षणी परदेशी नग आवडला. लाल रंगाचा, डोक्यावर सोलरची पट्टी, कुशीला फिरवायचा दांडा, टॉर्च, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे भोंगा. वादळ-पूर येणार असला की आपोआप बोंबलतो, असं खोक्यावर चित्र होतं. भरतनं टेस्टचं बटण दाबलं तर तो असा किंचाळला की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. भरत बोलला, हाच. मानूस झोपला तरी हा उठवील.

सुगत म्हणाला, "भरत, विकला तर मला बरंच आहे, पण नको घेऊ. हा भोंगा त्याच्या देशातल्या हवामानाच्या स्टेशनवरून खूण आली की वाजतो. तसं स्टेशन आपल्याकडे नाही. बटण दाबून वाजेल. पूर आला म्हणून कधीच वाजणार नाही."

भरत हटेना. इथं मात्र चिंतूनं त्याला गप्प केला. दुसरा नग छोटा, गाणी वाजवणारा, नुसता एफेम धरणारा. तोही त्यानं बाजूला सारला, कारण आमच्याकडे मधे डोंगर आहे. तिसरा साधा, काळा, विटेएवढा, मिडियम वेव्हही धरणारा. त्यावर मुंबई केंद्र लागतं का हे त्यानं दुकानात पाहिलं, मग ट्यूबलाइटीनं खरखर येते म्हणून रस्त्यावर नेऊन पाहिलं. ओल्या हातानं बटण फिरतं का ते हात ओला करून पाहिलं. बारीक सेल लागतात का मोठे, ते विचारलं. मोठे बरे, आमच्या किराणावाल्याकडेही मिळतात आणि पावसाळाभर दम धरतात. एवढं करूनही पैसे दिले नाहीत. म्हणाला, दोन दिवस पाड्यावर नेऊन बघतो. सुगतनं नेऊ दिला.

पाड्यावर तो रेडिओ घेऊन घरोघर हिंडला. पत्र्याखाली आवाज बसायचा. नग आडवा फिरवला की उघडायचा. कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचा ते शोधून त्यानं आपल्या ओट्यावरच्या फळीवर कोळशानं रेघ मारली. मगच पैसे पोचते केले. सुगतकडचे सेल टाकले त्यावर तारीख लिहिली. जादा सेल प्लास्टिकात गुंडाळून शिंक्यावर ठेवले. इतकं नीट काम आमच्या पाड्यावर कुणी केलेलं मी पाहिलं नाही. यंत्र निवडण्यात तो तसूभरही चुकला नाही. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

संध्याकाळी सातच्या बातम्यांना ओट्यावर माणसं जमू लागली. आधी सगळे कान देऊन ऐकायचे. मग सवय लागली. रेडिओ बोलायचा तेव्हा बायका आपसात बोलायच्या, पोरं ओरडायची, आणि बातम्या संपल्या की सगळे चिंतूकडे बघायचे. चिंतू आवाज बारीक करायचा आणि सांगायचा. सदर भागात पाऊस मध्यम. सदर समुद्रात जाऊ नये. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं, पण ऐकायला बरं वाटायचं. म्हणजे कान पाड्याचे होते, पण ऐकणारा एकटा चिंतू होता.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा आदला दिवस. आमच्या पाड्यावर गणपती बसत नाही, पण पलीकडच्या गावांचे गणपती आमच्याच घाटावर बुडवायला आणतात. वर डोंगरात काळं झालं होतं, आमच्याकडे नुसती भुरभुर. सातच्या बातम्यांत बाई म्हणाली, पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर कायम असल्याने धरणातून होणारा विसर्ग उद्या सकाळपासून वाढवण्यात येणार आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.

आवाज स्वच्छ होता. एक अक्षर गळलं नाही.

आमच्याकडे पानी येतं, नाहीतर पानी सोडतात. ह्याला तिसरा शब्द आमच्या बोलीत नाही आणि लागतही नाही. चिंतूला विसर्ग ठाऊक होता तो शाळेतला, अक्षरापुढची दोन टिंबं. दुःख लिहिताना टिंबं राहिली म्हणून त्यानं छड्या खाल्ल्या होत्या. टिंबं उद्या सकाळपासून कशी वाढवणार? मग त्याच्या डोक्यानं उडी मारली. विसर्ग म्हणजे विसर्जन. उद्या विसर्जनच तर आहे. धरणाकडचे गणपतीही ह्या वर्षी खाली नदीला आणणार असतील, म्हणून धरणातून. गर्दी होईल, म्हणून सतर्क. सगळं जुळलं. तरी कुठंतरी खडा टोचत होता, हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं. त्या वेळी फोनला रेंज होती. सुगतला, गोदामाच्या सुपरवायजरला, कुणालाही विचारता आलं असतं. पण मग ओट्यावर पंधरावीस माणसांसमोर फोन लावून विचारायला लागलं असतं, ह्या शब्दाचा अर्थ काय.

ठकीनं विचारलं, काय बोलला रेडवा?

"सदर विसर्जनाची सूचना आहे," चिंतू म्हणाला. "उद्या गणपती जास्त येणार. घाटावर गर्दी करू नये."

"नदीकाठ बोलला ना पन? मंग बकऱ्या वर बांधू काय?"

"गणपतीचा आणि बकऱ्यांचा काय संबंध?"

लोक हसले. ठकी परत बोलली, "तरी पन. धरनाचा नाव घेतला त्याना. खाली ऱ्हाऊंदे का वर आनू?"

दुसऱ्यांदा विचारलं म्हणून चिंतू चिडला. "ठकीबाय, रेडिओ तुला कळतो का मला कळतो? राहू दे खाली."

तिनं राहू दिल्या.

सकाळी ऊन पडलं होतं. पावसाचा टिपूस नाही. आठ वाजता ठकी रस्त्यापलीकडच्या वाडीत मजुरीला निघून गेली. नऊच्या सुमाराला नदी फुगायला लागली, निळ्या आभाळाखाली, मातकट, फेस घेऊन. ओरडाओरड झाली. पोरं, म्हातारी माणसं, पेट्या, भांडी, सगळं शाळेकडे काढलं. माणूस एकही गेला नाही. ओहोळाकडे उतरायला वाटच राहिली नव्हती. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा तीन बकऱ्या आणि बोकड बांबूच्या बेटात अडकलेली सापडली, गळ्यातल्या दोरीसकट. चौथी बकरी दोरी तोडून सुटली होती. ठकीच्या घरात कंबरभर चिखल होता. तिनं आधी बोकडाच्या कानाची चिंधी सोडून घेतली, मग चिखल काढायला लागली.

शाळेच्या पायरीवर भरत बोलला, "मी तवाच सांगत होतो, भोंगावाला घ्या. ह्यो मुकाच ऱ्हायला."

सगळ्यांनी चिंतूकडे पाहिलं. चिंतूला तोवर अर्धंमुर्धं उमगलं होतं. तो म्हणाला, "सेल उतरले असतील."

एवढंच. काल संध्याकाळी ह्याच माणसांनी तो रेडिओ बोलताना ऐकला होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. ऐकायचं काम त्याचं होतं ना. एकानं मान डोलावली, हां, खरखरत तर होता. दुसऱ्यानं दुकानदाराला शिवी दिली. आणि खोटं तयार झालं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला, सोबत कोतवाल. त्यानं मांडीवर पाटी ठेवून भराभर लिहिलं आणि पंच म्हणून सही करायला शिकलेला कोण आहे, असं विचारलं. कागद सवयीनं चिंतूच्या हातात आला. वाचून दाखव, ठकी बोलली. चिंतूनं वाचायला घेतलं. धरणातून सोडण्यात आलेल्या पाण्याच्या विसर्गामुळे सदर पाड्यावरील... आणि थांबला. चष्मा पुसला. कोतवालाला वाटलं अक्षर लागलं नाही. तो म्हणाला, विसर्ग, विसर्ग, पाणी सोडतात ते.

खाली एक ओळ होती. सदर रहिवाशांना पूर्वसूचना मिळाली होती किंवा कसे. लिहिणाऱ्यानं सगळ्यांना विचारलं, कळलं होतं का आधी? सगळे एका आवाजात बोलले, न्हाय. त्यानं 'नाही' लिहिलं. चिंतूनं त्याखाली सही केली. मी मागंच उभा होतो. सही नेहमीसारखी सुंदर आली होती, आणि त्यानं पेन परत दिलं तेव्हा बोटं पुसली, जशी काही घाण लागली होती.

त्यानंतर त्याच्या ओट्यावर सात वाजता कुणी जमलं नाही. रेडिओ त्यानं घरात नेऊन कणगीमागं ठेवला. रूपानं विचारलं, जेवत का न्हाय, तर पोट बिघडलंय म्हणाला. दोनदा तो ठकीच्या अंगणापर्यंत गेला. ती चिखलातली भांडी राखेनं घासत होती. दुसऱ्या वेळी तिनंच वर बघून सांगितलं, "तू काय करशील रे चिंतू? यंतरच खोटा निंगला. तू तरी किती फिरलास त्याच्यापाठी." चिंतू तसाच माघारी आला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं, असं रूपा सांगते.

रविवारी भरतनं टेम्पो काढला. रेडिओ परत द्यायचा आणि भोंगावाला आणायचा. ठकीही निघाली, तिला त्या दुकानदाराचं तोंड बघायचं होतं. चिंतूशिवाय चालणार नव्हतं, नग त्यानं घेतला होता. निघण्याआधी तो घरात गेला. जुन्या टॉर्चमधले मेलेले सेल रेडिओत घातले आणि रेडिओतले चांगले सेल पँटीच्या खिशात टाकले. रूपानं ते पाहिलं. मला तिनं हे पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

दुकानात सुगत एका लूमवाल्या म्हाताऱ्याचा पंखा उघडून बसला होता. भरत फरशीवरूनच सुरू झाला. गरिबाला खोटा माल देतोस, बकऱ्या मेल्या हिच्या, उद्या माणूस मेला असता तर कोण जबाबदार होता, आणि असं बरंच. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सुगतनं म्हाताऱ्याला सांगितलं, चाचा, दो मिनट रुकिए. रेडिओ घेतला. चालू केला. चालेना. मागचं झाकण काढलं, सेल मीटरला लावले, सुई हललीच नाही. त्यानं आपल्या खोक्यातले नवे सेल टाकले, तर रेडिओ खणखणीत बोलायला लागला.

भरत बोलला, "म्हंजे सेल खोटं दिलंस."

सुगत वाद घालेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं घातला नाही. मेलेले सेल हातात धरून तो बघत राहिला. मग टेबलामागून बाहेर आला, फरशीवर, ठकीसमोर. म्हणाला, "आजी, एवढ्यात सेल उतरायला नको होते. खराब पेटी आली असेल, मी तपासून द्यायला हवे होते. चूक माझी आहे. माफ करा." आणि त्यानं हात जोडले. बापाच्या वेळेपासून चालत आलेल्या दुकानाच्या दारात, गल्लीतल्या दहा माणसांसमोर.

ठकीनं वळून चिंतूकडे पाहिलं.

चिंतू म्हणाला, "सदर यंत्रात..." आणि तिथंच अडकला. परत म्हणाला, "सदर..." लोक वाट बघत होते. मग त्यानं खिशात हात घातला, सेल काढले आणि एकेक करून टेबलावर उभे केले. त्याच्या अक्षरातली तारीख त्यांवर होती.

"ह्याची चूक न्हाय," तो बोलला. पन्नास वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून आपली बोली आली, तीही अशी. "सेल चांगलं हायत. मीच काढलं. रेडवा बोलला होता. मना समाजला न्हाय."

ठकी म्हणाली, "काय समाजला न्हाय?"

त्यानं तो शब्द सांगितला. तिनं सुगतकडे तोंड केलं आणि त्याचा अर्थ विचारला. सुगतनं खाली बघत सांगितलं, धरणातून पाणी सोडणार, असा.

लूमवाला म्हातारा पंख्याची जाळी हातात घेऊन एकदा ठकीकडे, एकदा चिंतूकडे बघत होता. मग ती चिंतूला बोलली, आवाज न चढवता, "मी दोनदा इचारला तुला."

भोंगावाला रेडिओ भरतनं पुन्हा मागितला नाही. येताना ठकी पुढं भरतशेजारी बसली. चिंतू मागं, टेम्पोच्या उघड्या हौद्यात, मांडीवर तोच काळा रेडिओ घेऊन. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्याला तो रेडिओ दोन्ही हातांनी धरत होता.

सोमवारी तो एकटा तालुक्याला गेला. सांगितलं, पंचनाम्यात माझ्या सहीखाली खोटं आहे, सूचना आली होती. तिथल्या माणसानं त्याच्याकडे असं पाहिलं की ह्याला आता काय करू. कागद पुढं गेला होता. अर्ज लिहून द्या म्हणाला. चिंतूनं तिथल्या बाकावर बसून अर्ज लिहिला. पाड्यावर हे कळलं तेव्हा त्याला वाहवा मिळाली असं कुणी समजू नये. भरपाई अडकेल म्हणून आधी तोंडावर शिव्या मिळाल्या. खरं बोलायची एवढी हौस होती तर पुराच्या आदल्या संध्याकाळी का नाही आली, असं एका बाईनं विचारलं. आता कागद घेऊन त्याच्याकडे कुणी जात नाही. भरत फोनवर फोटो काढून सुगतला पाठवतो, सुगत वाचून सांगतो.

रेडिओ ठकीच्या घरी आहे. चिंतूनंच नेऊन ठेवला, तोंड कुठल्या बाजूला करायचं ते दाखवलं आणि निघून आला. सात वाजले की ती तो अंगणात आणते. समजला नाही असा शब्द आला की जागेवरूनच ओरडते, ह्याचा अर्थ काय रे, आणि कुणालातरी येतो, नाहीतर येत नाही. मागं एकदा कसलीतरी द्रोणीय स्थिती आली. कुणालाच ठाऊक नव्हतं. चिंतू आपल्या दारात उभा होता. पोरांनी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं, चावट हसत. तो बोलला, "मना ठाऊक न्हाय." पोरं हसली. तो तिथंच उभा राहिला, आत गेला नाही.

दसरा झाल्यावर ठकीनं गोठा वर, शाळेच्या अंगाला घ्यायचं ठरवलं. उरलेली बकरी गाभण होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी चिंतू पहार घेऊन गेला आणि खड्डे मारायला लागला. तिथं मुरूम आहे, पहार नुसती टणटण उडते. ठकी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तिनं त्याला ये म्हटलं नाही, आणि जा पण म्हटलं नाही. आमच्याकडे अंगणात वैरी आला तरी पाण्याचा तांब्या पुढं करतात. उन्हं चढली, चिंतूचं बनियन पाठीला चिकटलं, दोन खड्डे झाले, तिसऱ्याला हात घातला, तरी ठकीनं पाणी विचारलं नाही. त्यानंही मागितलं नाही. फारच तहान लागली तेव्हा तो पहार तिथंच टेकवून आपल्या घरी गेला, रूपाकडून तांब्याभर पाणी प्याला, आणि परत येऊन राहिलेला खड्डा खणायला लागला.